सोन्याची गावे आणि वारशाचे ऋण

लोभाने मिळविलेल्या संपत्तीतून एखादी सुंदर वस्तू निर्माण झाली, तर त्या वस्तूच्या सौंदर्याने मूळच्या लोभाचे क्षालन होते काय? हा प्रश्न नवा नाही. गोरगरिबांच्या जमिनी गिळून देऊळ बांधणाऱ्या सावकाराविषयी, सट्ट्याच्या पैशातून धर्मशाळा घालणाऱ्या व्यापाऱ्याविषयी आणि मोहिमेतील लुटीवर नदीचा घाट बांधणाऱ्या सरदाराविषयी तो आपल्याकडेही पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे. त्याला बहुधा सोयीचे उत्तर दिले जाते. घाटावर स्नान करणाराने घाट कोणाच्या पैशाने झाला हे विचारीत बसू नये, असे म्हणून लोक मोकळे होतात. आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटत नाही, म्हणून ते एकदा कसोटीवर घासून पाहावे असे आम्ही योजिले आहे. त्यासाठी आम्ही जी कसोटी निवडली ती आपल्या देशातील नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात सोन्याच्या लाटेने जी गावे एका रात्रीत उभी राहिली, त्या गावांची ती आहे. इतर ठिकाणी संपत्तीचे कलेत रूपांतर होण्यास तीनचारशे वर्षे लागतात व तेवढ्या काळात मधले धागे तुटून जातात. सोन्याच्या गावांत हा सगळा व्यवहार एका माणसाच्या हयातीत पुरा झाला. तेथे लोभ आणि कला ह्यांचे नाते झाकावयास कालाचा पडदा मिळाला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकाकडील व्हिक्टोरिया वसाहतीत १८५१ साली सोने सापडले. त्या वर्षी तिची वस्ती सुमारे ७७ हजार होती. १८६१ साली ती ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. इंग्रज आले, आयरिश आले, जर्मन, इटालियन, अमेरिकन आणि चिनी आले. ह्या सर्वांचे एक मोठे केंद्र म्हणजे बॅलरॅट. तेथील पहिल्या तीनचार वर्षांची जी चित्रे उपलब्ध आहेत त्यांत तंबू, चिखल, तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि जमिनीला पडलेली असंख्य भोके ह्यांखेरीज काही दिसत नाही. येथे जो आला तो राहण्यासाठी आला नव्हता. सोने मिळवावे आणि आपल्या मुलखास परत जावे, एवढाच प्रत्येकाचा बेत. ज्या भूमीत मनुष्य राहू इच्छीत नाही, त्या भूमीवर तो झाड लावीत नाही, मग चित्रशाळा कोठून बांधणार?

आणि तरीही चित्रशाळा झाली. १८५९ साली तेथे कामकऱ्यांसाठी वाचनालय व व्याख्यानगृह असलेली संस्था निघाली. १८७५ साली नाट्यगृह उघडले, ते अद्यापि उभे आहे. १८७९ साली काही तरुणांनी साउथ स्ट्रीट नावाची वादविवादमंडळी काढली. तिच्यातून १८९१ पासून वक्तृत्व, संगीत व नाट्य ह्यांच्या वार्षिक स्पर्धा सुरू झाल्या आणि त्यांची परंपरा आजतागायत चालू आहे. १८८४ साली नागरिकांनी चित्रसंग्रहालय स्थापन केले व १८९० साली त्याची स्वतंत्र इमारत पुरी झाली. वनस्पतिउद्यानात इटलीहून संगमरवरी पुतळे आणून बसविले. जेम्स रसेल थॉमसन ह्याने मृत्युपत्राने ठेवलेल्या रकमेतून तेथे जो शिल्पमंडप झाला, त्यातील मुख्य समूह बेन्झोनी ह्या इटालियन शिल्पकाराचा आहे. पाँपेईवर ज्वालामुखीची राख कोसळत असता जीव घेऊन पळणारे एक कुटुंब त्याने कोरले आहे. जमिनीच्या पोटातून आलेल्या संपत्तीवर वसलेल्या गावाने जमिनीच्या पोटातून आलेल्या विनाशाचे शिल्प उद्यानात मांडावे, हा योगायोग असेल. पण तो विचार करावयास लावणारा आहे.

हे परिवर्तन कसे घडले, ह्याचे कारण शोधू गेल्यास ते बरेचसे भूगर्भातच सापडते. ओढ्याच्या वाळूतील सोने एका फावड्याने व एका परातीने निघते. त्यासाठी शेजाऱ्याचीही गरज नसते. ते वरवरचे सोने संपल्यावर खोल गाडल्या गेलेल्या नदीपात्रांतले आणि गारगोटीच्या शिरांतले सोने काढण्याची वेळ आली. त्याला खोल विहिरी, पाणी उपसण्याची वाफेची यंत्रे, भांडवल, मंडळ्या आणि पगारी कामगार लागले. पगारी कामगाराला घर लागते, घराला बायकोमुले लागतात आणि मुलांना शाळा लागते. येणेप्रमाणे सोने जसजसे खोल गेले, तसतशी माणसे जमिनीवर स्थिर होत गेली. कलेला लागणारी पहिली वस्तू पैसा नव्हे, मुक्काम होय. बॅलरॅटमध्ये पैसा १८५२ सालीच रग्गड होता, पण मुक्काम नव्हता. त्या काळी तेथे जी कला होती ती फिरत्या नाटकमंडळ्यांची. १८५६ साली लोला माँटेझ ही प्रसिद्ध नर्तकी तेथे नाचून गेली, ती येथे राहावयास आली नव्हती आणि तिचे प्रेक्षकही नव्हते.

ह्या दोन अवस्थांना जोडणारे एक चित्र बॅलरॅटच्या संग्रहालयात आहे. ऑयगेन फॉन गेरार हा व्हिएन्नात जन्मलेला चित्रकार १८५३ च्या सुमारास तेथे सोने खणावयास आला होता. वर्षभर खणून त्याच्या हाती फारसे काही लागले नाही. वहीत काढलेली रेखाटने मात्र राहिली. पुढे तो मेलबोर्नच्या राष्ट्रीय चित्रशाळेत चित्रकलेचा प्रमुख शिक्षक झाला, आणि १८८४ साली, म्हणजे तीस वर्षांनी, त्या जुन्या रेखाटनांवरून त्याने १८५३-५४ च्या उन्हाळ्यातील बॅलरॅटचे मोठे चित्र रंगविले. जेम्स ऑडी हा त्याच खाणींवर प्रथम आलेल्यांपैकी एक होता. पुढे तो पेढीवाला झाला व संग्रहालयाचा प्रमुख संस्थापकही झाला. त्याने १८८५ साली हे चित्र संग्रहालयास अर्पण केले. चित्रकार खाणकरी, दाता खाणकरी, आणि चित्राचा विषय त्या दोघांचे तारुण्य! आपण ज्या चिखलातून आलो तो चिखल विसरू नये, अशी बुद्धी ज्या गावाला झाली त्या गावास केवळ लोभी म्हणता येणार नाही.

येथे पहिला पक्ष उभा राहतो. तो म्हणतो: पाहा, लोभाचे कसे उन्नयन झाले! इंग्लंडास पळून जाता येत असता ह्या माणसांनी आपले द्रव्य परक्या मातीत घातले, कोणी सक्ती केली नसता दान केले, आणि मजुराच्या मुलास मेघदूताच्या योग्यतेचे काही पाहावयास मिळेल अशी सोय केली. मग मूळ पाप धुतले गेले असे का म्हणू नये?

ह्या पक्षातील सत्य आम्ही नाकारीत नाही. पण दान आणि ऋणफेड ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तो विसरतो. ज्याच्यावर देणे आहे त्याने प्रथम देणे द्यावे, मग दान करावे. एरवी त्याचे दान म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. बॅलरॅटची भूमी वाडावुरुंग लोकांची. गावाचे नावसुद्धा त्यांच्याच भाषेतून आले असून त्याचा अर्थ विसाव्याची जागा असा सांगतात. सोन्याच्या लाटेत त्यांच्या अरण्यांचे खांब व सरपण झाले, ओढे गाळाने भरले, आणि पोसम नावाच्या प्राण्याच्या कातड्यांची जी अंगवस्त्रे ते पिढ्यान् पिढ्या शिवीत व आतून नक्षीने मढवीत, ती खाणकऱ्यांना विकून त्यांस दिवस काढावे लागले. त्यांच्याशी खरेदीखत झाले नाही, करार झाला नाही, भाडे ठरले नाही. संगमरवरी पुतळ्यांची किंमत इटलीतल्या शिल्पकारास पोचती झाली. ज्या जमिनीतून ती किंमत निघाली तिच्या धन्यास काही पोचले नाही.

दुसरे उदाहरण त्याहून नाजूक आहे, कारण ते गावाच्या सर्वांत अभिमानाच्या स्मृतीशी निगडित आहे. सोने मिळो वा न मिळो, दर महिन्यास ३० शिलिंग परवाना भरलाच पाहिजे, असा सरकारचा नियम होता. त्याविरुद्ध खाणकऱ्यांनी युरेका ह्या ठिकाणी लाकडी कोट करून निळ्या कापडावर पांढरा क्रूस व तारे असलेले निशाण उभारले. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे फौजेने तो कोट घेतला आणि वीसहून अधिक खाणकरी मारले गेले. पुढे राजद्रोहाच्या आरोपावरून तेरा जणांवर खटले झाले. पंचांनी सर्वांस निर्दोष सोडले. १८५५ साली परवाना रद्द झाला, वर्षास एक पौंड भरून खाणकऱ्याचा हक्क व त्याबरोबर मतदान मिळू लागले, आणि लढ्यात एक हात गमावलेला पुढारी पीटर लेलर हा विधिमंडळात बसला. न्यायाचा हा विजय खराच मोठा. परंतु त्याच १८५५ साली त्याच विधिमंडळाने बोटीने उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांची डोईपट्टी बसविली! ती टाळण्यासाठी हजारो चिनी शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात रोब बंदरावर उतरले आणि शेकडो मैल पायी चालत खाणींवर आले. एका अन्यायी कराविरुद्ध रक्त सांडून हक्क मिळवावा, आणि त्याच वर्षी आपल्या शेजाऱ्यावर अन्यायी कर बसलेला मुकाट्याने पाहावा, ही मनुष्यस्वभावाची गोष्ट आहे. तीत ऑस्ट्रेलियाचे विशेष असे काही नाही. पण निशाण जपावयाचे असेल तर हीही गोष्ट त्याच्या शेजारी जपली पाहिजे.

त्या निशाणाची कथाही बोधप्रद आहे. ते एका शिपायाने खाली ओढले. त्याच्या कुटुंबाने १८९५ साली ते संग्रहालयात ठेवावयास दिले. मधल्या काळात त्याचे तुकडे कापून लोकांना आठवण म्हणून दिले गेले, त्यामुळे आज ते अपुरे आहे. आता त्याच्याशी दुसऱ्या एका वस्तूची तुलना करा. १८५८ साली बॅलरॅटमध्ये सुमारे ६९ किलो वजनाचा सोन्याचा गोळा निघाला. तो पाहावयास लोकांची गर्दी झाली. पण १८५९ साली लंडनमध्ये तो वितळवून त्याची नाणी पाडली, आणि तो नाहीसा झाला. फाटके कापड राहिले, सोने गेले. ह्याचे कारण उघड आहे. सोन्याचा एक तोळा दुसऱ्या तोळ्यासारखाच. ते वितळले की कोठून आले, कोणाचे होते, कोणाच्या रक्ताने भिजले, हे सर्व पुसले जाते. सोन्याला स्मृती नसते, आणि बाजारात त्याची किंमत ह्याच गुणामुळे आहे. कलावस्तूचे बरोबर उलट आहे. ती कोणी केली, कोठे केली, कोणाच्या हातून कोणाकडे गेली, हे पुसले की तिचे निम्मे मोल जाते. तेव्हा सोन्याचे कलेत रूपांतर करणाराने, त्याला कळो वा न कळो, विस्मरणाचे स्मरणात रूपांतर केलेले असते. आणि स्मरण एकदा जागे झाले म्हणजे ते धन्याला सोयीच्या तेवढ्याच गोष्टी आठवीत नाही.

ह्याच कारणास्तव दुसरा पक्षही आम्हांस मान्य नाही. तो म्हणतो की ही सर्व कला म्हणजे चोरीच्या भिंतीवर दिलेला चुना होय. सज्जनाने तिच्याकडे पाठ फिरवावी. पण हे आपण कशाच्या आधारावर बोलतो? ज्या फॉन गेरारने बॅलरॅटचे चित्र रंगविले, त्यानेच १८५४ साली खाणींच्या वाटेवर भेटलेल्या मूळ रहिवाशांचे चित्र काढले. ते जीलाँगच्या संग्रहालयात आहे. रस्त्यावर थांबून कातड्यांच्या अंगवस्त्रांचा सौदा चाललेला त्यात दिसतो. देणारा कोण, घेणारा कोण आणि ज्या जमिनीवर उभे राहून हा सौदा होतो ती कोणाची, हे सर्व तेथे पाहणाऱ्यापुढे साक्षीदारासारखे उभे आहे. चुना म्हणून ज्याला खरवडावयाचे, त्यातच पुरावा आहे. शिवाय ह्या गावांची कला केवळ धनिकांची नव्हती. जवळच्या बेंडिगो गावी १८७१ पासून रुग्णालय व अनाथगृह ह्यांच्या साहाय्यार्थ ईस्टरचा मेळा भरे. काही वर्षांतच तेथील चिनी समाज आपली वाद्ये, रेशमी वस्त्रे व मिरवणूक घेऊन त्यात सामील झाला. ज्यांच्यावर डोईपट्टी बसली, त्यांनी गावाच्या रुग्णालयासाठी कागद, बांबू व रेशीम ह्यांचा भव्य नाग नाचविला! त्या मिरवणुकीतील जुना नाग आज बेंडिगोच्या चिनी संग्रहालयात आहे, आणि १९७० साली व पुन्हा २०१९ साली नवे नाग त्याच्या जागी आले. सर्वांकडे सारखी पाठ फिरविली तर ह्या नागाकडेही फिरवावी लागेल. तो न्याय नव्हे, आळस होय.

मग आमचा पक्ष कोणता? तो असा की, वारसा हा शब्द आपण अर्धाच वापरतो. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात पुत्र पित्याच्या धनाबरोबर पित्याचे ऋणही घेत असे. किंबहुना धन नसले तरी ऋण फेडणे हे त्याचे कर्तव्य मानीत. सोन्याच्या गावांच्या चित्रशाळा, नाट्यगृहे, निशाणे ही त्या वारशाची जमेची बाजू. हिरावलेली भूमी, उलटीपालटी केलेली माती, अपमानित शेजारी ही नावेची बाजू. जो जमेवर सही करतो त्याने नावेवरही केली पाहिजे.

ह्यावर धर्मशास्त्र जाणणारा एक मार्मिक आक्षेप घेईल. याज्ञवल्क्यस्मृतीने मद्य, काम व द्यूत ह्यांपायी पित्याने केलेले ऋण पुत्रावर टाकलेले नाही. सोन्याची लाट म्हणजे द्यूतच. मग द्यूतकारांच्या नातवंडांनी ते का फेडावे? ह्याला आमचे उत्तर असे. तो अपवाद अशा सावकारासाठी आहे, की ज्याने जुगाऱ्यास जाणूनबुजून पैसा दिला. त्याने आपल्या बेफिकिरीचे फळ भोगावे हे रास्तच. वाडावुरुंगांनी कोणास पैसा उसना दिला नव्हता. त्यांची वस्तू न विचारता उचलली गेली. उचललेली वस्तू हे ऋण नव्हे, परस्व होय. आणि परस्व घरात असेपर्यंत ते परत करण्याचा धर्म ज्याच्या घरात ते असेल त्याचा. तो कोणाचा नातू आहे हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

हा प्रश्न पुस्तकी नाही. बेंडिगोच्या बाजूची भूमी जाजा वुरुंग लोकांची. खाणींनी तळची माती वर व वरची खाली केली म्हणून ते तिला उलटा देश म्हणतात. सोन्याच्या त्याच दशकात जॉन हंटर कर ह्या जमीनदाराने त्यांच्याकडून झाडाच्या सालीवर कोरलेली चित्रे मिळविली. १८५४ साली ती मेलबोर्नच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेथून पॅरिसला गेली आणि शेवटी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये व क्यू येथील संग्रहात स्थिरावली. २००४ साली ती मेलबोर्नच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी उसनी आणली, तेव्हा जाजा वुरुंगांच्या वंशजांनी वारसाहक्काच्या कायद्याखाली ती देशाबाहेर नेण्यास हरकत घेतली. प्रकरण न्यायालयात गेले. निकाल त्यांच्याविरुद्ध लागून वस्तू इंग्लंडास परत गेल्या. पुढे २०१३ साली, उसन्या आणलेल्या कलावस्तूंवर असा हक्क सांगता येऊ नये, असा कायदाच झाला. येथे आपणांस दोन्ही बाजू दिसतात. ती साल त्या जमीनदाराने उचलली नसती तर वाळवीने खाल्ली असती, हे म्हणणे खोटे नाही. पण बुडत्या घरातून दागिना वाचविणारा मनुष्य त्या दागिन्याचा राखणदार होतो, धनी होत नाही. विशेषतः घर बुडविणाऱ्या पुरात त्याचाही बांध फुटलेला असेल तर.

जुन्या वस्तू कशा जपाव्या ह्याविषयी सोन्याच्या गावांनी निरनिराळे मार्ग धरले आहेत. कॅलिफोर्नियातील बोडी हे ओसाड गाव १९६२ पासून सरकारी देखरेखीखाली आहे. तेथे घरांची डागडुजी पडू नयेत इतकीच करतात, नवी झळाळी देत नाहीत. बॅलरॅटला १९७० पासून सॉव्हरिन हिल नावाचे जुने खाणगाव नव्याने रचले आहे. तेथे नट जुन्या पोशाखात वावरतात, पाहुण्यांच्या हौसेसाठी ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण मिसळतात, आणि तेच सोने पुनः पुन्हा वितळवून विटा ओतून दाखवितात. कोलोरॅडोतील सेंट्रल सिटीने १८७८ चे आपले संगीतनाट्यगृह जपले. पण गावाच्या जुन्या इमारती राखण्यास पैसा हवा म्हणून १९९० च्या मतदानाने तेथे जुगारास परवानगी मिळाली व १९९१ पासून जुगारघरे सुरू झाली. द्यूतातून जन्मलेल्या गावाने आपली स्मृती राखण्यासाठी पुन्हा द्यूताकडेच जावे, ह्यापरता उपरोध कोणत्या नाटककारास सुचला असता? दर्शनी भिंती राहिल्या आणि आत यंत्रे आली. ह्या तिन्हींत आम्हांस बोडीची पडकी घरे अधिक प्रामाणिक वाटतात. तथापि मुलांना इतिहासाची गोडी लावण्याचे काम पडक्या भिंतींहून खेळातले गाव अधिक करते, हेही कबूल केले पाहिजे. मार्ग कोणताही असो, खतावणीची दोन्ही पाने उघडी ठेवली आहेत काय, हा प्रश्न प्रत्येकास विचारता येतो. एकाच भिंतीवर निशाण आणि डोईपट्टीचा कायदा, संगमरवरी पुतळा आणि कातड्याचे अंगवस्त्र ही शेजारी शेजारी मांडली, आणि त्या अंगवस्त्राविषयी बोलण्याचा अधिकार ते शिवणाऱ्यांच्या वंशजांस दिला, तर ऋण फिटत नाही. पण कागद तरी खरा होतो. न फिटणारे ऋण मान्य करणे व ते नाकारणे ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

वाचक म्हणतील, सात समुद्रांपलीकडील ह्या जमाखर्चाशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या घरातल्या डब्यात आहे. सिडनी व मेलबोर्न येथील टांकसाळींत त्या सोन्याचे जे पौंड पाडले जात, ते मोठ्या संख्येने हिंदुस्थानात येत. १९१८ साली तर मुंबईच्या टांकसाळीतही तसेच पौंड पाडले गेले. आपल्या आज्या ज्याला गिनी सोने म्हणत आणि ज्याच्या पाटल्या व पुतळ्या करून घेत, त्यात बॅलरॅटच्या ओढ्यातला कण नसेल असे कोण सांगू शकेल? सोनाराच्या मुशीत त्याची स्मृती गेली. आपण ती पाटली टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही; तिच्यावर आजीच्या हाताची आणि घडविणाऱ्या कारागिराची दुसरी स्मृती बसली आहे, ती आपणांस प्रिय आहे व ती असावी. परंतु घाटावर स्नान करताना घाट कोणाच्या पैशाने झाला हे विचारू नये, असे जेव्हा कोणी पुन्हा सांगेल, तेव्हा त्याला एवढे उत्तर द्यावे, की स्नान आम्ही करूच, पण विचारूही. आणि विचारल्यावर एखादा वारस पायरीवर येऊन उभा राहिला तर त्याला जागा करून देऊ.